पाहुण्यांना गाव दाखवायचं, पण आपल्यालाच कुठे माहितेय?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव देत नाही, पत्रही थोडक्यातच सांगते. ताई छत्रपती संभाजीनगरच्या (घरात अजून औरंगाबादच तोंडात येतं, असं त्यांनीच लिहिलंय). वय 43, माहेर-सासर दोन्ही याच गावात. सासरचं जुनं घर औरंगपुऱ्यात होतं, ते विकून आता सिडकोत राहतात, मिस्टर वाळूजला कंपनीत आहेत. डिसेंबरच्या शेवटी इंदूरहून नणंद येतेय, सोबत तिचे मिस्टर, 14 वर्षांचा भाचा, 9 वर्षांची भाची आणि नणंदेच्या सासूबाई. मुक्काम आठ दिवस.

मागच्या खेपेला ताईंनी सगळ्यांना पाणचक्कीला नेलं होतं. तिथे भाच्याने विचारलं, "मामी, हे पाणी येतं कुठून?" ताई म्हणाल्या, "वरून." सगळे हसले. नणंदेचे मिस्टर म्हणाले, "जन्म गेला इथे आणि एवढं माहीत नाही!" आणि निघताना वर आणखी एक टाकून गेले, की अजिंठा-वेरूळ सोडलं तर तुमच्या गावात तसं काही नाही, आमचं इंदूर बघा. ते ताईंना अजून टोचतंय. आता विचारतायत, आठ दिवस दाखवू काय? गाइड लावू का? मिस्टरांचं म्हणणं, गाडी करून द्यावी आणि दोन दिवस महाबळेश्वरला पाठवून मोकळं व्हावं. "ज्या गावात 43 वर्षं काढली ते मला दाखवता येऊ नये याची लाज वाटते," असं लिहून शेवटी बारीक अक्षरात, "आणि मला एवढी रजा पण नाही."

ताई, सगळ्यात आधी एक सांगून टाकते. भाच्याला तुम्ही दिलेलं उत्तर बरोबर होतं. पाणी वरूनच येतं.

म्हणजे बघा, हर्सूलच्या बाजूला डोंगर आहेत, तिथला झरा पाणचक्कीपेक्षा उंचावर आहे. तिथून मातीच्या पायपातून जमिनीखालून काही किलोमीटर पाणी आणलंय, पंप नाही, मोटर नाही, लाइट गेली म्हणून खोळंबा नाही. बंद पायपातलं पाणी जिथून निघालं साधारण तेवढ्या उंचीच्या जवळपास परत चढतं, म्हणून पाणचक्कीला ते भिंतीतून वर चढवलंय आणि तिथून हौदात सोडलंय, आणि ती धार मागे घेऊन आपण सगळे फोटो काढतो. चक्कीचं पाणी खाली पात्यांच्या चाकावर पडतं, चाक फिरलं की त्याच्या दांड्यावर बसवलेला जात्याचा दगड फिरतो, दळण निघतं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या लोकांसाठी पीठ तिथेच दळलं जायचं. आणि हौदाखाली एक मोठा हॉल आहे, बघितलाय का? वर आपण ज्या हौदाच्या काठावर उभे राहतो त्याचा तळ म्हणजे त्या हॉलचं छत. उन्हाळ्यात तिथे गार का वाटतं ते वर मान केली की कळतं.

हे मला लहानपणापासून माहीत होतं असं मात्र अजिबात समजू नका. मला हे सगळं पस्तिशी उलटल्यावर कळलं, आणि तेही एका फजितीनंतर.

झालं असं की नाशिकहून माझे मामा-मामी आले होते. मी मोठ्या तोऱ्यात वेरूळचा बेत आखला, पहाटे उठून धपाटे केले, दही, शेंगदाण्याची चटणी, गाडी सांगितली, सातला निघालो, पोचलो तर गेट बंद. मंगळवार. वेरूळ मंगळवारी बंद असतं (आणि अजिंठा सोमवारी), हे जपानहून येणाऱ्या माणसालाही माहीत असतं, आम्हा गाववाल्यांना नसतं, कारण आम्ही जातो कधी? मामा काही बोलले नाहीत. मामींनी फक्त डब्याची पिशवी मांडीवर जरा घट्ट धरली. शेवटी ड्रायव्हरलाच दया आली, म्हणाला, "मॅडम, खुलताबाद इथंच आहे, मलिक अंबरची कबर बघितली का?" मी म्हटलं नाही. तिथे गेलो तर चिटपाखरू नाही, वर घुमट, सगळीकडे शांत. सावली बघून बसलो आणि धपाटे काढले. मामींनी विचारलं, "हा मलिक अंबर कोण गं?" आणि मला सांगता येईना. शाळेत नाव वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, सगळं साफ. मग फोन काढला आणि धपाटा एका हातात धरून मोठ्याने वाचायला लागले. इथिओपियात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, या हातातून त्या हातात जात दख्खनमध्ये पोचला, पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सगळा कारभार हातात घेतला, जहांगीर बादशहाच्या फौजांना जेरीस आणलं आणि 1610 मध्ये खडकी नावाच्या गावात शहर वसवलं. ती खडकी म्हणजे आपलं गाव! मामी म्हणाल्या, "म्हणजे ज्याने तुमचं गाव वसवलं त्याच्याच दारात बसून आपण धपाटे खातोय, आणि तुला माहीत नव्हतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग त्यांनाच हसू फुटलं. म्हणाल्या, "मला तरी नाशिकचं काय माहितेय, पांडवलेण्यांवर मी शाळेच्या ट्रिपनंतर गेलेच नाही."

तर ताई, ती लाज जी आहे ना, ती एकट्या तुमची नाहीये. आपण गावात राहतो म्हणजे काय करतो, दूध, दळण, स्कूलव्हॅन, गॅसचा नंबर, आज पाणी येणार की उद्या. मकाई गेटातून गाडी काढताना सगळं लक्ष समोरचा रिक्षावाला आधी घुसतो की आपण घुसतो याच्यावर असतं, वर कमानीकडे बघायला गेलो तर आरसा जायचा. दिल्ली गेटचं तोंड दिल्लीकडे म्हणजे उत्तरेला, पैठण गेटचं दक्षिणेला, आणि मकाई म्हणजे मक्केच्या बाजूचं, पश्चिमेला, गेटांची नावं म्हणजे चक्क रस्त्याच्या पाट्या आहेत. हे माझ्या लक्षात यायला चाळीस वर्षं लागली, आणि रोज त्याच गेटाखालून भाजी आणत होते.

आता नणंदेच्या मिस्टरांचं ते "तसं काही नाही". इंदूरकर माणूस, सराफ्यात रात्री बारा वाजता उभं राहून खायची सवय, गावाचा अभिमान असणारच, असू दे. पण रागावू नका, एक विचारू? मागच्या वेळी मकबरा दाखवताना तुम्ही आधी काय म्हणालात? मी पैजेवर सांगते, "हे आमचं बीबी का मकबरा, ताजमहालची कॉपी." आपण सगळेच म्हणतो. वर हेही सांगतो की संगमरवर परवडलं नाही म्हणून खाली आणि वर घुमटालाच लावलं आणि बाकी चुन्यावर भागवलं. मग पाहुणा बिचारा काय करणार, तो कॉपी म्हणूनच बघतो आणि दहा मिनिटांत "झालं का, निघायचं?" म्हणतो.

यावेळी कॉपी हा शब्दच काढू नका. मुख्य दरवाजापाशी मुलांना थांबवा आणि सांगा की या दारावर बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा इंजिनिअर. औरंगजेब बादशहाच्या बायकोची कबर, दिलरस बानू 1657 मध्ये गेली तिच्यासाठी बांधलेली, आणि दारावर नाव कुणाचं तर बांधणाऱ्यांचं! आज आपल्या बिल्डिंगवर इंजिनिअरचं नाव कुठे दिसतं का? मग आत जाऊन जाळीपाशी उभं राहून खाली कबरीकडे बघायचं, आपण वरच्या मजल्यावर आणि कबर खाली, ही गंमत मुलांना फार आवडते. खर्चाचा विषय निघालाच तर तोही रंगवून सांगा, सुमारे पावणेसात लाखांत हे उभं केलं म्हणतात आणि ताजला काही कोटी लागले. कमी बजेटात काम काढणाऱ्या माणसाबद्दल तुमच्या मिस्टरांना तरी नक्की आदर वाटेल, कंपनीत दुसरं काय करतात ते?

पण मला तुमच्या पत्रात खरी खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. नणंद "पाहुणी" म्हणून येतेय असं तुम्ही लिहिलंय. अहो, तिचं माहेर आहे हे! ती आणि तुमचे मिस्टर औरंगपुऱ्यातल्या त्या घरात वाढले, तिची शाळा इथे, मैत्रिणी इथे, पहिली सायकल इथे, पहिल्यांदा पडली तीही इथल्याच कुठल्या तरी खड्ड्यात. मग भाच्याला गाव दाखवायचं काम एकट्या मामीच्या गळ्यात कसं पडलं? तुमच्या मिस्टरांनी गाडी करून देऊन मोकळं व्हायचं, नणंदेने पाहुणी म्हणून सोफ्यावर बसायचं, नणंदेच्या मिस्टरांनी मार्क द्यायचे, आणि तुम्ही रजा काढून गाइड व्हायचं आणि परत येऊन पोळ्या लाटायच्या. हे कुणी ठरवलं? बहुतेक कुणीच नाही, होत गेलं. मग ते बदलायला कुणाची परवानगीही लागणार नाही.

म्हणून एक दिवस, रविवारच बघा, भावा-बहिणीला पोरांसोबत सकाळी सातला बाहेर काढा. औरंगपुऱ्यात गाडी लावायची आणि पुढे चालत. जुनं घर आज कुणाचंही असो, बाहेरून बघायचं, कुठल्या खिडकीतून कोण पळून पिक्चरला जायचं ते सांगायचं, मग गुलमंडीवर, सुपारी हनुमानाला हात जोडून, पैठण गेटपर्यंत. गरम इमरती मिळाली तर खायची, हातांना पाक लागू द्यायचा. बघा, नणंदेचे मिस्टर एवढी वर्षं त्या गावचे जावई आहेत पण बायको कुठे वाढली ते त्यांनी कधी पायी बघितलंय का? मला नाही वाटत. आणि या सगळ्यात तुमचं काम काय? झोपा. खरंच सांगतेय. दार लावून घ्या आणि दहापर्यंत झोपा.

आता बाकीच्या दिवसांचं. एका दिवशी एकच ठिकाण, हे भिंतीवर लिहून ठेवा. दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती आणि येताना पाणचक्की असं एका दिवसात करणारे लोक मी बघितलेत, संध्याकाळी कुणालाच कुठलं काय ते आठवत नाही आणि मुलं गाडीत ओकतात. वेरूळला 34 लेणी आहेत, सगळी बघायची नाहीत. तीन बघा. 10 नंबरचं, ज्याला सुतार की झोपडी म्हणतात, आत गेल्यावर छताकडे बघा, लाकडाचे वाकवलेले वासे वाटतात आणि सगळा दगड, बांधलेलं काहीच नाही, कोरलेलं. मग 16 नंबर, कैलास, तो वरून खाली कोरत आणलाय, म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर. भाच्याला विचारा, चूक झाली असती तर खोडलं कसं असतं? आणि पाय चालत असतील तर शेवटची जैन लेणी, तिथे गर्दी कमी. अजिंठ्याला मात्र अख्खा दिवस द्या, जायलाच शंभरेक किलोमीटर, फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून त्यांच्या बसने जावं लागतं. गाइड लावायचाच तर तिथे लावा, तो पैसा वसूल, कारण अर्ध्या अंधारात भिंतीवर नुसते चेहरे दिसतात, गोष्ट कुणीतरी सांगावी लागते. सासूबाईंना चढ झेपणार नसेल तर डोलीवाले असतात, पण आधी त्यांनाच विचारा की यायचंय का. आपण परस्पर ठरवतो, एक तर ओढत नेतो नाही तर घरी बसवतो.

दौलताबादला त्या येऊ शकणार नाहीत, पायऱ्याच पायऱ्या. तो दिवस पोरांचा आणि त्यांच्या बाबांचा. अंधारी भुयारातून वर चढून गेल्यावर ते "तुमच्या गावात काही नाही" म्हणायला दम शिल्लक राहतो का बघू.

सासूबाईंना त्या दिवशी तुमच्या आईकडे न्या. दोघी म्हाताऱ्या बसतील, गुडघ्यांवर बोलतील, मग पैठणीवर येतील, आणि तुम्हाला तुमच्या गावाबद्दल त्या दोन तासांत जे ऐकायला मिळेल ते कुठल्या गाइडकडे मिळायचं नाही. माझ्या आईने अशाच एका दुपारी सांगितलं की तिच्या लग्नात हिमरूची शाल आली होती, सूत आणि रेशमाची, किनखाबासारखी दिसायची पण किनखाबाच्या पैशात नाही. मी हिमरू म्हणजे टूरिस्टना विकायची वस्तू समजत होते, आणि ती शाल आमच्याच कपाटात सर्वात खाली होती, डांबराच्या गोळ्यांसकट.

एक जागा माझ्याकडून. विद्यापीठाच्या मागे डोंगरात लेणी आहेत, औरंगाबाद लेणी म्हणतात, मकबऱ्यापासून दोनेक किलोमीटर. अजिंठा-वेरूळच्या नावाखाली ती इतकी झाकली गेली की गावातली निम्मी माणसं गेलेली नाहीत. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले भक्त आहेत, माणसाच्या उंचीचे, स्त्रिया-पुरुष, एकेकीची केशरचना बघत बसावी अशी. सातव्यात एक बाई नाचतेय आणि भोवती बायकाच वाद्यं वाजवतायत. आणि बाहेर येऊन वळलात की खाली मकबऱ्याचा घुमट, त्यामागे सगळं गाव, आणि मग प्रत्येक जण तेच करतो, "आपलं घर कुठे असेल?" सकाळी जा, पाण्याची बाटली न्या, आणि बंद-उघडं काय ते आदल्या रात्री बघून ठेवा. (माझ्यासारखं करू नका.) परतताना विद्यापीठाच्या गेटावरून आलात तर मोठ्या पोराला नामांतराचं सांगा, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं ते, 14 जानेवारी 1994, आणि जवळच नागसेनवनात बाबासाहेबांनी 1950 मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय. चौदा वर्षांच्या मुलाला गुफा कंटाळवाण्या वाटतील, पण एका नावासाठी लोक इतकी वर्षं का भांडले हे त्याला विचारावंसं वाटेल. उत्तर पूर्ण येत नसेल तर "मलाही नीट माहीत नाही, चल विचारू कुणाला तरी" म्हणायचं. हे वाक्य तुम्हाला आठ दिवसांत पन्नास वेळा वापरायचंय, आतापासून आरशासमोर सराव करा.

महाबळेश्वर काढूनच टाका. इथून एका बाजूचा अख्खा दिवस गाडीत जातो, डिसेंबरच्या शेवटी जागा मिळणार नाही, आणि स्ट्रॉबेरी इथे गाडीवरही मिळते.

पैशाचं पत्रात तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण असणारच, आठ दिवस, गाडी, तिकिटं, बाहेरचं खाणं. आधीच नणंदेशी फोनवर बोलून घ्या, गाडीचं तुम्ही द्या, बाकी आम्ही बघतो, असं सरळ. आणि त्यांनी पैसे पुढे केले तर "अहो कशाला" एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा घ्यायचे. घरी खाणारे असतील तर एका रात्री नान-कलिया बाहेरून मागवा, पिवळी तुकतुकीत नान आणि मटणाचा रस्सा, इंदूरच्या माणसाला हे कोडं सुटायचं नाही, आणि तुमची पोळ्यांची एक पाळी वाचेल. (सासूबाई खात नसतील तर त्यांना पिठलं, तेही आवडीने खातील.) आणि रजा दोन दिवसांचीच काढा. राहिलेले दिवस तुम्ही ऑफिसला जायचं, ते घरात लोळतील, पत्ते खेळतील. सुट्टीवर आलेल्या माणसाला लोळायला मिळालं नाही तर तो गाव कितीही चांगलं असलं तरी चिडचिडच करतो.

सोलापूर, नागपूर, लातूर अशा गावांतून वाचणाऱ्यांनाही हेच. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या भिंतीवरून तळ्याकडे बघत किती सोलापूरकर उभे राहिलेत? नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाजवळून रोज जाणाऱ्यांना तिथले दगडी घोडे किती ते विचारा. घरातल्या एखाद्या पोरालाच विचारायला लावा, म्हणजे आपल्याला लाजायचं कारण नाही.

आणि ताई, शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. एवढी माणसं घरात आणि नळ रोज येत नाही, हे इंदूरकरांना पहिल्या दिवशी चहासोबतच सांगून टाका, बादलीने अंघोळ, शॉवर बंद. भाच्याला सोबत हेही सांगा की चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने नहर काढून या गावात डोंगरावरून पाणी खेळवलं होतं, आणि आज त्याची मामी ड्रम मोजतेय. मग तो परत विचारेल, "मामी, मग आता पाणी येतं कुठून?" तर आता ते खालून येतं, पैठणच्या जायकवाडीतून, पंपाने वर चढवून. तारीख बघून आदल्या पाळीला टाकी भरा, आणि बाल्कनीतला तो जुना निळा ड्रम धुऊन घ्या.